टर्बो दुरुस्त करायचा की नवा टाकायचा? आधी तेलाचा रस्ता तपासा

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याहून साताऱ्याला येत होतो. तेव्हा येताना खंबाटकीचा घाटच चढावा लागायचा. गाडी डिझेल, सव्वा लाख किलोमीटर पळालेली, आत चौघे आणि डिकीत लग्नाचं सामान. दुसऱ्या वळणावर गाडी ओढेनाच. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी दुसऱ्या गिअरवर रडतरखडत वर आली. एक आवाज मात्र नवा होता, लांबून ॲम्ब्युलन्स येतेय असा. मी दोनदा आरशात मागे बघितलंसुद्धा.

साताऱ्यात एका गॅरेजला गाडी लावली. "टर्बो गेला, नवाच टाका," हा निकाल पाच मिनिटांत लागला. टाकला. साडेतीन महिन्यांनी नवा टर्बोही तसाच ओरडायला लागला. मग दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी टर्बोला तेल नेणारा बारीक पाईप सोडवला, पुसला आणि माझ्या हातात दिला. "साहेब, फुंकून बघा." फुंक पलीकडे जाईना. जळक्या तेलाची काजळी आत दगडासारखी बसली होती. पहिला टर्बो ज्या पाईपने मारला त्याच पाईपवर दुसरा बसवून दिला होता.

त्या दिवसापासून माझा एक क्रम ठरलाय. घरच्या, शेजारच्या, मित्रांच्या गाड्यांना तोच लावतो. दुरुस्ती की बदली हा प्रश्न त्या क्रमात पाचवा येतो. त्याच्या आधीचे चार गाळून थेट पाचव्यावर उडी मारली की माझ्यासारखं दोनदा बिल भरावं लागतं.

आत काय असतं, थोडक्यात

एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रं. एक चक्र सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराने फिरतं, त्याच्याबरोबर दुसरं फिरतं आणि इंजिनात हवा दाबून भरतं. छोट्या डिझेल गाडीतही हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. धुराच्या बाजूला ७००-८०० अंश सेल्सिअस तापमान असतं, पेट्रोल टर्बोत त्याहून जास्त. एवढ्या वेगात दांडा बेअरिंगला घासत नाही, कारण मधे इंजिन ऑईलचा पातळ थर असतो. तो थर काही सेकंद तुटला तरी धातूवर धातू घासतो.

मिस्त्रींच्या भाषेत टर्बोचे चार भाग धरा: मधला कोअर (दांडा, चक्रं, बेअरिंग), दोन्ही बाजूंची शंखासारखी हौसिंग, हवेचा दाब आवरणारा ॲक्च्युएटर, आणि व्हीजीटी (धुराची वाट कमी-जास्त करता येणारा टर्बो) असेल तर धुराच्या बाजूच्या हलत्या पट्ट्या. "टर्बो गेला" असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारा: यातला कुठला भाग? उत्तर देता आलं नाही तर त्याने टर्बो पाहिलेला नाही.

पहिलं: गाडी चालवत न्यायची की टोचन लावायचं?

नुसती ओढ कमी झाली असेल, धूर नसेल, तेलाची पातळी ठीक असेल, तर हलक्या पायाने गॅरेजपर्यंत जाता येतं. पण मागे निळा धूर सुटलाय, डिपस्टिकवर तेल झपाट्याने उतरलंय, किंवा धातू घासल्याचा करकर आवाज येतोय, तर गाडी तिथेच बंद करा. टोचनचे पैसे वाचवायच्या नादात इंजिन घालवलेले लोक मला माहीत आहेत.

डिझेलवाल्यांनी एक धोका ओळखून ठेवावा. टर्बोच्या सीलमधून तेल हवेच्या पाईपात भरपूर गळलं, तर इंजिन ते तेलच इंधन म्हणून जाळायला लागतं आणि आपोआप पळत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही, कारण त्याला डिझेलची गरजच उरलेली नसते. मॅन्युअल गाडी असेल तर हँडब्रेक ओढा, ब्रेक गच्च दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं. ऑटोमॅटिकमध्ये हा इलाज नाही. माणसं उतरवा आणि लांब उभे राहा. हवेच्या पाईपाच्या तोंडावर हात तर कधीच धरू नका.

दुसरं: दोष टर्बोचाच आहे का?

गाडी ओढत नाही याची स्वस्त कारणं आधी संपवायची. इंटरकूलरला (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी) जाणाऱ्या रबरी पाईपला चीर, सैल झालेला क्लॅम्प, तुंबलेला एअर फिल्टर, ॲक्च्युएटरकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी फाटलेली, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप). यातल्या प्रत्येकाची लक्षणं "टर्बो गेला" सारखीच दिसतात. पाईप फाटला की फुस्स असा आवाज येतो, ओढ जाते आणि काळा धूर येतो, कारण हवा कमी पडते. चीर बऱ्याचदा पाईपाच्या खालच्या अंगाला असते. वरून बघून "पाईप ठीक आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हात खाली घालून चाचपा, बोटाला काळं तेल लागलं तर तिथेच बघा.

आपल्याकडे एअर फिल्टरचं प्रकरण वेगळं आहे. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरपर्यंत टिकत नाही. एका शेतकरी मित्राच्या फिल्टरच्या डब्यात तर पाचटाचे तुकडे निघाले होते. फिल्टर नीट बसलेला नसेल तर हीच धूळ आणि कचरा थेट चक्रावर जातो.

मग गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावा. हवेचा दाब कमी किंवा जास्त असल्याचा कोड आला तरी तो कुठला भाग गेला हे सांगत नाही. कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे. चालू गाडीत हवा किती मागितली जातेय आणि किती मिळतेय हे दोन आकडे शेजारी शेजारी बघायला सांगा. मागणी वाढते आणि मिळकत जागची हलत नाही, असं असेल तर ॲक्च्युएटर किंवा अडकलेल्या पट्ट्यांचा संशय. मिळकत वाढते पण कायम थोडी कमी पडते, तर गळती.

आणखी एक गैरसमज. हवेच्या पाईपात आतून तेलाचा ओलसर हात लागला म्हणजे टर्बो गेला असं होत नाही. इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) तेलाची वाफ त्या पाईपात येतच असते. पाईप सोडवल्यावर तेल ओघळून खाली पडलं तर मात्र काळजीचं.

तिसरं: चक्राला हात लावून बघा

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. एअर फिल्टरकडून टर्बोला येणारा पाईप सोडवला की हवेच्या बाजूचं चक्र समोर दिसतं. मोबाईलचा टॉर्च लावा.

आधी पाती बघा. कडा धारदार आणि सारख्या हव्यात. कडा कुरतडल्यासारख्या असतील तर बाहेरचं काहीतरी आत गेलंय. मग चक्र बोटाने फिरवा, ते अडखळता कामा नये. मग वर-खाली, आजूबाजूला हलवा. इथे बरेच लोक फसतात. थोडासा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच, कारण तेलाच्या थरासाठी तेवढी जागा सोडलेली असते आणि बंद गाडीत तो थर नसतो. बघायचं एवढंच, की चक्र हलवल्यावर हौसिंगच्या भिंतीला टेकतं का. टेकत असेल किंवा भिंतीवर गोल ओरखडा असेल तर कोअर संपला.

शेवटी दांडा आत-बाहेर ढकला-ओढा. या दिशेला प्ले हाताला जाणवता कामा नये. मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी चालतो. टक टक असं लागलं की थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे दांड्याला आत-बाहेर सरकू न देणारं बेअरिंग, गेलं, आणि त्याला उपाय कोअरच.

व्हीजीटी असेल तर ॲक्च्युएटरची दांडी पूर्ण अंतर सरकते का बघा. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ॲक्च्युएटरला हातपंप लावून व्हॅक्यूम टिकतो का हे दोन मिनिटांत कळतं. मी तर असं म्हणेन, की ज्या गॅरेजात हा हातपंप नाही तिथे टर्बोची गाडी देऊच नका.

चौथं: तो मेला कशाने?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि बिलात कधीच न दिसणारा.

टर्बो खाली उतरवला की तो स्वतःच सांगतो. दांडा निळा-जांभळा पडलाय? तेल मिळालं नाही. दांड्यावर आणि बेअरिंगवर बारीक रेघाच रेघा आहेत? तेल मिळालं, पण घाण मिळालं. हवेच्या बाजूची पाती कुरतडली आहेत? फिल्टर किंवा पाईप बघा. धुराच्या बाजूचं चक्र मोडलंय? मग इंजिनातूनच धातूचा तुकडा सुटलाय: ग्लो प्लगचं टोक, व्हॉल्व्हचा तुकडा, इंजेक्टरचं टोक. ते न शोधता नवा टर्बो बसवणं म्हणजे त्यालाही तोच तुकडा खायला देणं.

तेल न मिळण्याची कारणं शोधायला डोकं कमी आणि चिकाटी जास्त लागते. आत जाणारा पाईप आतून बुजलेला. काही गाड्यांत त्या पाईपाच्या बोल्टमध्येच बारीक जाळी असते, ती तुंबलेली. ऑईल बदलायला उशीर. ऑईलची प्रत चुकीची. आणि घाट चढून धाब्यावर थांबताच गाडी बंद करायची सवय: लाल तापलेल्या टर्बोत तेल जिथल्या तिथे थांबतं, जळतं, काजळी होते. जोरात चढण चढल्यावर एखादा मिनिट गाडी तशीच चालू ठेवली तर ही काजळी टळते.

उलटा प्रकारही असतो. टर्बो चांगला आहे, तरी तेल गळतंय. टर्बोमधलं सील रबराचं नसतं. ती पिस्टनच्या रिंगसारखी धातूची बारीक कडी असते, आणि तेल आपल्या वजनाने खाली उतरून गेलं तरच ती काम करते. खाली उतरणारा पाईप दबला, आतून अरुंद झाला, किंवा ब्रीदर तुंबून इंजिनात आतला दाब वाढला, की तेलाला खाली जायला वाट उरत नाही आणि ते सीलमधून बाहेर येतं. हवेचा फिल्टर फार तुंबला तरी पाईपातला व्हॅक्यूम वाढून तेल खेचलं जातं. बीएस ६ डिझेलमध्ये भर पडते डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीची. तो तुंबला की मागून दाब येतो आणि तेल बाहेर ढकललं जातं. अशा गाडीला नवा टर्बो बसवा, तोही पहिल्या आठवड्यात गळेल, आणि दोष टर्बो बनवणाऱ्याला लागेल.

आता पाचवं: दुरुस्ती की बदली

पाईप, क्लॅम्प, नळी, ॲक्च्युएटर एवढंच असेल तर कोअरला हातही लावू देऊ नका. "खोललंच आहे तर" हे वाक्य गॅरेजात फार महाग पडतं.

व्हीजीटीच्या पट्ट्या काजळीने अडकल्या असतील आणि दांडा चांगला असेल तर साफसफाई. साताऱ्यातल्या साताऱ्यात, पोवई नाका ते एमआयडीसी एवढंच फिरणाऱ्या गाड्यांत हे जास्त दिसतं, कारण त्या कधी पुरेशा तापतच नाहीत. साफ करताना पट्ट्यांची मर्यादा ठरवणारा जो स्क्रू असतो, त्याला हात लावायचा नाही हे आधीच बजावून ठेवा. तो कारखान्यात मशिनवर हवा मोजून लावलेला असतो. अंदाजाने फिरवला की गाडी खालच्या आरपीएमला एकतर झोपते किंवा उडते.

बेअरिंगमध्ये प्ले आहे, तेल गळतंय, पण चक्रं भिंतीला लागलेली नाहीत आणि हौसिंग चांगली आहे: इथे दुरुस्ती खरी परवडते. आता दुरुस्तीच्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, किट टाकणं, म्हणजे जुन्याच दांड्यावर नवी बेअरिंग आणि कड्या. दुसरी, आख्खा नवा बॅलन्स केलेला कोअर आणून जुन्या हौसिंगमध्ये बसवणं. मी दुसरीच करतो. मिनिटाला दीड लाख फेरे घेणाऱ्या दांड्याला ग्रॅमच्या हजाराव्या भागांत मोजावा असा असमतोलही पुरतो. जिथे बॅलन्सिंग मशिन नाही तिथे किट टाकणं म्हणजे जुगार. गावातलं गॅरेज बहुतेक वेळा कोअर पुण्याला किंवा कोल्हापूरला पाठवतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. बॅलन्सिंगचा छापील रिपोर्ट परत आला का, तेवढं विचारा. "आमच्याकडे हातानेच बॅलन्स करतात" असं उत्तर मिळालं तर नमस्कार करून निघा.

चक्रं भिंतीला घासली असतील, पाती तुटली असतील, हौसिंग आरपार तडकली असेल, किंवा दांडाच मोडला असेल, तर पूर्ण टर्बो. धुराच्या बाजूच्या हौसिंगमध्ये आतून केसासारख्या बारीक रेषा जुन्या टर्बोत दिसतात, त्यांना घाबरू नका. बाहेरपर्यंत आलेला तडा मात्र हौसिंग घालवतो. चक्र फुटलं असेल तर इंटरकूलरही उतरवून झटकायचा. तुकडे त्याच्या जाळीत लपतात आणि नंतर इंजिनात जातात. नीट साफ होत नसेल तर तोही बदला, आणि इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून घ्या. कॉम्प्रेशन पडलं असेल तर चर्चा टर्बोची राहतच नाही.

पेट्रोल टर्बोबद्दल माझा कल पूर्ण बदलण्याकडे आहे. तिथे उष्णता हजार अंशांच्या आसपास जाते आणि बऱ्याच गाड्यांत हौसिंग मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करणारा भाग) जोडूनच येते. तापून वाकलेल्या हौसिंगमध्ये नवा कोअर घालण्यात मला अर्थ वाटत नाही.

एक बाजूचा इशारा, सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांसाठी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या, आणि पुरातल्या गाड्या नंतर बाजारात फिरतात. अशा गाडीत टर्बो फिरतो छान, पण इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटरच्या आतले गिअर आणि कनेक्टरच्या पिना गंजलेल्या निघतात. कनेक्टर सोडवून हिरवट थर दिसतो का बघा.

पैशांचं गणित

भाव गाडीगणिक आणि दुकानागणिक बदलतात, म्हणून मी शंभराच्या हिशेबात बोलतो. चांगल्या कंपनीचा पूर्ण नवा टर्बो १०० रुपये धरा. दुरुस्तीच्या कोटेशनमध्ये कोअर, बॅलन्सिंग, गॅस्केट, तेलाचे पाईप, ऑईल-फिल्टर आणि मजुरी हे सगळं मिळवा. बेरीज ५०-५५ च्या आत असेल तर दुरुस्ती. ६५ च्या वर गेली तर नवा. मधल्या पट्ट्यात गाडी अजून किती वर्षं ठेवायची आहे त्यावर ठरवा. हा काही नियम नव्हे, माझा अंदाज आहे.

कोटेशन देताना बरेच जण फक्त कोअरचा आकडा सांगतात. नव्या टर्बोलाही पाईप, ऑईल, गॅस्केट लागतातच, तेव्हा तुलना सारख्याशी सारख्याची करा.

गाडी जुनी असेल तर तिचं राहिलेलं आयुष्य मोजा. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली गेली, तशी आपल्याकडे नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढते आणि ग्रीन टॅक्स भरावा लागतो. १३ वर्षांच्या गाडीला कंपनीचा नवा टर्बो टाकण्याआधी हे कागद समोर घेऊन बसा.

विम्याकडून आशा ठेवू नका. झीज होऊन गेलेला टर्बो साध्या पॉलिसीत बसत नाही. अपघात किंवा पुराचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन घेतलाय का ते बघा, आणि पाण्यात बुडालेली गाडी सर्व्हेअर येण्याआधी चालू करू नका.

नवा घेताना टर्बोवरच्या पत्र्याच्या पट्टीवरचा पार्ट नंबर जुन्याशी जुळवा. दिसायला सारखे टर्बो आतून वेगळे असतात. गॅरेट, बोर्गवॉर्नर, आयएचआय, मित्सुबिशी या टर्बो बनवणाऱ्या कंपन्यांच्या नावाचे नकली डबे बाजारात आहेत. अर्ध्या किमतीत "ओरिजिनल" मिळत असेल तर ते ओरिजिनल नाही. बिल जीएसटीचंच घ्या, त्यावर पार्ट नंबर, तारीख, गाडीचे किलोमीटर आणि वॉरंटी हाताने का होईना लिहून घ्या. जुना टर्बो घेऊन पैसे कमी करणारी एक्सचेंजची पद्धत चांगली आहे, पण आधी फोटो काढा.

बसवताना तिथे उभे राहा

लाज बाळगू नका, खुर्ची मागून घ्या आणि बसा. तेल आत नेणारा पाईप नवा हवा, साफ केलेला जुना नको. त्यात बचत होते ती थोडीच. परतीचा पाईप आरपार दिसला पाहिजे. ऑईल आणि फिल्टर दोन्ही नवे, आणि डीपीएफ असलेल्या गाडीला डीपीएफला चालणाऱ्या प्रतीचंच ऑईल. इंटरकूलरमधलं जुनं तेल ओतून काढलेलं हवं, नाहीतर पहिल्याच स्टार्टला ते इंजिनात जाईल. तेलाच्या जोडांवर सिलिकॉनचा थर लावू देऊ नका. दाबून बाहेर आलेला त्याचा तुकडा तेलाच्या भोकात जाऊन बसतो.

पाईप जोडण्याआधी टर्बोच्या तेलाच्या भोकात ऑईल ओतून चक्र हाताने फिरवतात. मग डिझेलचा पुरवठा बंद ठेवून ऑईलचा लाल दिवा जाईपर्यंत नुसता सेल्फ मारतात, थांबून थांबून, म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही वाचतात. त्यानंतर गाडी चालू करून चार-पाच मिनिटं तशीच ठेवायची, रेस करायची नाही. "बघा कशी ओढते" म्हणून पहिल्याच मिनिटाला ॲक्सिलरेटर दाबणारा मिस्त्री असेल तर त्याच्या हातातून चावी घ्या.

ट्रायलला मी साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट धरतो. तिसऱ्या गिअरवर दोन हजार आरपीएमपासून गाडी सरळ ओढली पाहिजे, शिट्टी बारीक आणि एकसारखी हवी, आरशात धूर नको. वर पोचून मिनिटभर गाडी चालू ठेवून बंद करा, बॉनेट उघडा आणि सगळे जोड कोरड्या कापडाने पुसा. खाली उतरल्यावर त्याच कापडाने पुन्हा पुसा. डाग आला तर तिथूनच गॅरेजला परत.

पहिले ५०० किलोमीटर दर दोन दिवसांनी डिपस्टिक बघा आणि आकडा मोबाईलवर टिपून ठेवा. वॉरंटीसाठी भांडायची वेळ आली तर हीच टिपणं कामाला येतात, आणि त्यांच्याबरोबर जुना तेलाचा पाईप. तो गॅरेजात सोडून येऊ नका. माझा अजून घरी आहे, शेडमध्ये खिळ्याला टांगलेला.